घर आपले, वास्तव्य परगावी : घरपट्टीतील सवलतीचा अनुत्तरित प्रश्न

स्वतःच्या मालकीच्या घरात स्वतः राहणाऱ्याकडून घरपट्टी कमी घ्यावी, हे तत्त्व देशातील अनेक महापालिकांनी स्वीकारले आहे. परंतु घर स्वतःचे आहे, ते भाड्याने दिलेले नाही, आणि तरीही मालकाला परगावी राहावे लागते, अशा वेळी ही सवलत टिकते काय? या प्रश्नाचे उत्तर शहरागणिक बदलते. बदलीची नोकरी करणारे बँक व रेल्वे कर्मचारी, सीमेवर तैनात असलेले जवान, परदेशी गेलेले तंत्रज्ञ आणि आजारपणामुळे मुलांकडे राहायला गेलेले वृद्ध दांपत्य, या सर्वांना हा प्रश्न सारखाच भेडसावतो. केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात आयकरापुरता त्याचा निकाल लावला. महापालिकांच्या करआकारणीत मात्र तो तसाच उरला आहे.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. विक्रीविना पडून असलेल्या सदनिका, गुंतवणूक म्हणून घेतलेली घरे आणि मालक परगावी गेल्याने कुलूप लागलेली घरे या सर्वांचा त्या आकड्यात समावेश होता. करआकारणीच्या दृष्टीने या तिन्ही प्रकारांत मोठा फरक आहे. घरपट्टीचे नियम मात्र बहुतांशी दोनच व्यक्तींना ओळखतात. एक, घरात राहणारा मालक आणि दुसरा, घरात राहणारा भाडेकरू. घरात न राहणारा, पण भाडेही न घेणारा मालक हा तिसरा इसम त्यांच्या चौकटीत नीट बसत नाही.

कर एक, मोजमापे अनेक

जमीन व इमारतींवरील कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ४९ व्या नोंदीत येतो. त्यामुळे त्याचे कायदे राज्यांचे आणि वसुली स्थानिक संस्थांची, अशी विभागणी आहे. हा कर ठरवण्याच्या तीन पद्धती देशात रूढ आहेत. घर भाड्याने दिल्यास वर्षाला किती भाडे येऊ शकेल, याच्या अंदाजावर आधारलेली पहिली. क्षेत्रफळाला परिसरनिहाय ठरवलेल्या दराने गुणणारी दुसरी. आणि घराच्या भांडवली मूल्यावर आधारलेली तिसरी.

स्वतःच्या वापराच्या सवलतीचे मूळ पहिल्या पद्धतीत आहे. भाडेमूल्यावर कर आकारायचा, तर जो मालक घरात स्वतः राहतो त्याला प्रत्यक्षात भाड्याचा एक रुपयाही मिळत नसतो. त्याच्यावर काल्पनिक उत्पन्नाचा पूर्ण भार टाकणे अन्यायाचे ठरेल, या विचारातून ही सवलत आली. क्षेत्रफळाच्या पद्धतीनेही हा विचार पुढे चालवला. अहमदाबादने २००१ मध्ये, दिल्लीने २००४ मध्ये आणि बंगळुरूने २००८ मध्ये ही पद्धत स्वीकारली. दिल्लीत स्वतःच्या वापरातील निवासी घराचा भोगवटा गुणांक एक, तर भाड्याच्या घराचा दोन धरण्यात आला. बंगळुरूतही भाड्याच्या घराचा दर स्वतःच्या वापरातील घराच्या दुप्पट ठेवण्यात आला. म्हणजेच स्वतःच्या वापराचा शेरा गेला, की कर दुप्पट होऊ शकतो.

मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारली. घराचे मूल्य किती, वापर निवासी की व्यापारी, बांधकाम किती जुने, हे प्रश्न ती विचारते. निवासी घरात मालक राहतो की भाडेकरू, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता करात देण्यात आलेली माफीदेखील क्षेत्रफळावर आधारलेली आहे. त्यामुळे नोकरीनिमित्त दिल्लीत राहणाऱ्या मुंबईकराला आपल्या घरपट्टीची फारशी चिंता नसते. पुणेकराची स्थिती मात्र वेगळी आहे.

पुण्याचा अनुभव

पुणे महापालिकेने १९७० मध्ये ठराव करून स्वतःच्या वापरातील निवासी मिळकतींच्या भाडेमूल्यात ४० टक्के सवलत देण्यास सुरुवात केली. जवळजवळ पन्नास वर्षे ती अखंड चालू होती. पुढे लेखापरीक्षणात या सवलतीच्या कायदेशीर आधारावर आक्षेप घेण्यात आला. महापालिका कायद्यात अशा सवलतीची तरतूद नसल्याचा मुद्दा त्यातून पुढे आला आणि २०१९ मध्ये ही सवलत बंद झाली. नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना ती मिळेनाशी झाली. ज्या जुन्या मिळकतींत मालक राहत नसल्याचे पाहणीत नोंदवले गेले, त्यांच्या मालकांच्या हाती फरकाची देयके पडली.

या निर्णयाविरुद्ध शहरात तीव्र नाराजी व्यक्त झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. तथापि, ती आपोआप मिळणार नव्हती. ज्यांची सवलत गेली होती अथवा ज्यांना ती कधी मिळालीच नव्हती, अशा मिळकतधारकांकडून महापालिकेने पीटी-३ या नमुन्यातील अर्ज मागवले. मिळकतीचा वापर मालक स्वतः राहण्यासाठी करतो, असे गृहनिर्माण संस्थेचे पत्र, तसेच मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा शिधापत्रिका यांसारखा पुरावा त्यासोबत अपेक्षित होता. शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या देयकाची प्रतही जोडायची होती.

परगावी राहणाऱ्याची अडचण नेमकी येथे सुरू होते. ही सर्व कागदपत्रे माणूस त्या पत्त्यावर राहतो, हे सिद्ध करणारी आहेत. बदलीनंतर ज्याने आपले मतदारयादीतील नाव नियमानुसार नव्या गावी नेले, गॅसजोडणी हस्तांतरित केली आणि आधारवरील पत्ता बदलला, त्या दक्ष नागरिकाकडे जुन्या घराचा पुरावा उरत नाही. ज्याने यातील काहीच केले नाही, त्याच्याकडे मात्र तो जसाच्या तसा असतो. नियम पाळणाऱ्याचे नुकसान आणि न पाळणाऱ्याचा लाभ, असा हा उलटा न्याय होतो.

सवलत गेल्याचा भारही पहिल्या नजरेत वाटतो त्याहून मोठा असतो. ४० टक्के सवलत असताना करआकारणी शंभराऐवजी साठ रुपयांवर होते. सवलत गेली की ती साठावरून पुन्हा शंभरावर जाते. म्हणजे मालकाच्या दृष्टीने देयकात ढोबळमानाने दोनतृतीयांश वाढ होते. ही वाढ मागील वर्षांपासून लावली गेली आणि मालकाला वेळेत समजली नाही, तर थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते. ती वर्षाला २४ टक्के होते. बंद घराच्या दाराखालून सरकवलेली नोटीस वर्षभराने हाती आल्यावर मूळ रकमेइतकीच शास्तीची चिंता करावी लागते.

एका कुलपाकडे पाहणारे तीन कायदे

हा गुंता अपरिहार्य आहे असे नाही. याच बंद घराकडे पाहणाऱ्या अन्य कायद्यांनी त्यातून मार्ग काढलेला आहे.

आयकर कायद्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील २३ व्या कलमाने स्वतःच्या वापरातील घराचे वार्षिक मूल्य शून्य धरण्याची सोय केली. त्याच कलमाने परगावच्या मालकाचाही विचार केला. नोकरी, व्यवसाय किंवा पेशा यांमुळे मालकाला अन्यत्र, स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या इमारतीत राहावे लागत असेल, तर मूळ घराचे मूल्य शून्यच धरले जाई. अट एवढीच, की ते घर वर्षातील कोणत्याही काळात भाड्याने दिलेले नसावे आणि त्यापासून अन्य लाभ घेतलेला नसावा. २०१९ च्या वित्त कायद्याने ही सवलत एकाऐवजी दोन घरांना लागू केली. १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. मालक घरात का राहू शकत नाही, याचे कारण विचारण्याची अटच काढून टाकण्यात आली. आता कोणत्याही कारणाने मालक राहू शकत नसला, तरी दोन घरांपर्यंत वार्षिक मूल्य शून्य धरता येते. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख आहे, त्या नव्या आयकर अधिनियमातही हे तत्त्व कायम ठेवण्यात आले आहे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे. सदनिका भाड्याने दिल्यास संस्था सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. या शुल्काच्या मनमानी आकारणीच्या तक्रारी वाढल्यावर राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी आदेश काढून ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरते मर्यादित केले. सभासदाचे आईवडील, मुले, भाऊ, बहीण यांसारखे निकटचे नातलग सदनिकेत राहत असल्यास हे शुल्क लावता येत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले. मुलाच्या नावावरील घरात वृद्ध आईवडील राहतात, ही आपल्याकडील नित्याची बाब आहे. सहकार खात्याने ती ओळखली आणि लेखी स्वरूपात मान्य केली.

एकाच सदनिकेबाबत आयकर खाते मालकाचे परगावी राहणे मान्य करते. संस्था त्याच्या आईवडिलांचे राहणे हा त्याचाच वापर समजते. महापालिकेच्या अर्जात मात्र मालक 'स्वतः राहतो' असे लिहून द्यावे लागते. प्रामाणिक मालकाला या दोन शब्दांवर सही करताना हात आखडता घ्यावा लागतो. येथे लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की आयकरातील सवलतीमुळे घरपट्टीतील सवलतीचा हक्क उत्पन्न होत नाही. दोन्ही कर वेगळ्या कायद्यांखालील आहेत आणि एका खात्याने मान्य केलेली स्थिती दुसऱ्यावर बंधनकारक नसते.

जुन्या कायद्यांना रिकाम्या घराची जाणीवच नव्हती, असेही म्हणता येणार नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आणि त्यानंतर १९४९ च्या प्रांतिक महापालिका कायद्यात, घर सलग काही काळ रिकामे राहिल्यास कराचा काही भाग परत देण्याची कल्पना होती. मात्र त्यासाठी घर रिकामे झाल्याची लेखी सूचना देणे आवश्यक होते. मालकाने कळवावे आणि पालिकेने त्याची नोंद घ्यावी, हे सूत्र आजही उपयोगी ठरणारे आहे.

'तात्पुरती अनुपस्थिती' : अन्य देशांतील व्याख्या

मालकाच्या वास्तव्यावर आधारलेली करसवलत अन्य देशांतही आहे आणि तेथेही हा प्रश्न उपस्थित झाला होता. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, जेथे अनेक भारतीय तंत्रज्ञ स्थायिक झाले आहेत, राहत्या घराच्या करपात्र मूल्यातून ठराविक रक्कम वगळली जाते. तेथील कायद्याने तात्पुरत्या अनुपस्थितीची व्याख्याच केली आहे. मालकाने दुसरे मुख्य निवासस्थान केलेले नसावे, परत येण्याचा त्याचा इरादा असावा आणि अनुपस्थिती दोन वर्षांहून कमी असावी. या अटी पाळल्यास सवलत जात नाही. सैन्यसेवेत असलेल्यांना, तसेच आजारपण वा वार्धक्यामुळे शुश्रूषागृहात राहणाऱ्यांना दोन वर्षांची मर्यादाही लागू होत नाही.

फ्लोरिडा राज्याने निराळी कसोटी लावली आहे. सलग दोन वर्षे, दर वर्षी तीस दिवसांहून अधिक काळ घर भाड्याने दिले, तर मालकाने राहत्या घराची सवलत सोडून दिली असे मानले जाते. सैनिकांना त्यातूनही वगळलेले आहे. इंग्लंडमध्ये मालक कायमस्वरूपी रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात राहायला गेल्याने रिकाम्या झालेल्या घराला स्थानिक करातून सूट मिळते. या तिन्ही ठिकाणच्या नियमांत एक समान धागा आहे. माणूस आज रात्री कोठे झोपला, यापेक्षा त्याचे घर कोणते आणि त्याने ते कमाईसाठी वापरले काय, यांना तेथे अधिक महत्त्व आहे.

दुसरी बाजू

या मागणीला दुसरी बाजूही आहे आणि ती दुर्लक्षण्याजोगी नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर जकात आणि स्थानिक संस्था कर यांसारखी हक्काची साधने महापालिकांच्या हातून गेली. राज्याकडून भरपाई मिळत असली, तरी स्वतःच्या उत्पन्नाचा मुख्य आधार म्हणून घरपट्टीच उरली आहे. घर बंद असले तरी त्याच्यापुढील रस्ता, दिवे, मलनिःसारण आणि अग्निशमन यांचा खर्च थांबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. शहरात लाखो कुटुंबे परवडणाऱ्या घराच्या शोधात असताना रिकाम्या घराला सवलत कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर उलट जादा कर बसवला. इंग्लंडमध्येही वर्षभराहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या घरावर स्थानिक संस्थांना २०२४ पासून दुप्पट कर घेता येतो. परंतु याच व्हँकुव्हर शहराने रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात असलेल्या मालकाचे घर या जादा करातून वगळले आहे. म्हणजे रिकाम्या घरांविरुद्ध कठोर धोरण घेणाऱ्यांनीही साठवून ठेवलेले घर आणि नाइलाजाने बंद केलेले घर यांत भेद केलेला आहे.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. भाडे घ्यायचे आणि कागदोपत्री स्वतःचा वापर दाखवायचा, हा प्रकार सर्वच शहरांत आढळतो. त्यावर उपायही उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी विभागाच्या आणि महापालिकेच्या माहितीची सांगड घातल्यास बरीचशी लबाडी घरोघरी पाहणी न करताही उघड होऊ शकते. पाहणी करणारा कर्मचारी दार बंद दिसले म्हणून 'मालक राहत नाही' असा शेरा मारतो, तेव्हा फसवणाऱ्याबरोबर निरपराधही त्यात सापडतो.

परगावच्या मालकांनी घ्यावयाची काळजी

नियमांत सुधारणा होईपर्यंत परगावी राहणाऱ्या मालकांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळणे हिताचे आहे. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या शहरातील करपद्धती कोणती, हे जाणून घेणे. भांडवली मूल्याच्या शहरात जी भीती निराधार आहे, तीच भाडेमूल्याच्या शहरात खरी ठरू शकते. दुसरे, बदली किंवा नियुक्तीचा आदेश जोडून करआकारणी विभागाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी. घर भाड्याने दिलेले नसल्याबाबत संस्थेचे पत्र दरवर्षी घ्यावे. वापर नसल्याने किमान रकमेची आलेली वीजदेयके हादेखील या संदर्भात उपयुक्त पुरावा ठरतो. घरात आईवडील राहत असतील, तर त्यांच्या नावे त्या पत्त्याची कागदपत्रे असावीत आणि नाते दर्शवणारा पुरावा सोबत असावा.

देयकावरील भ्रमणध्वनी क्रमांक आणि पत्रव्यवहाराचा पत्ता अद्ययावत ठेवणे, ही साधी वाटणारी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. करवाढीच्या नोटिशीवर हरकत घेण्यास मर्यादित मुदत असते. ती उलटल्यावर अपिलाचा मार्ग उरतो आणि महाराष्ट्रातील महापालिका कायद्यानुसार त्यासाठी वादातील कराची रक्कम आधी भरावी लागते. आणि अखेरची, तितकीच महत्त्वाची गोष्ट. घर थोड्या काळासाठी जरी भाड्याने दिले, तरी ते कळवावे. भाडे लपवून घेतलेली सवलत पुढे फरक, शास्ती आणि व्याज यांसह परत करावी लागते.

व्याख्येची गरज

प्रश्नाचा गाभा सवलतीच्या टक्केवारीत नाही. 'स्वतःचा वापर' या शब्दांचा अर्थ कोठेतरी स्पष्ट लिहिला जाणे, ही त्यातील खरी गरज आहे. नोकरीतील बदली, सैन्यसेवा, उपचार आणि वार्धक्य ही कारणे नमूद करावीत. घर भाड्याने दिलेले नाही आणि अन्यत्र अशीच सवलत घेतलेली नाही, असे मालकाने दरवर्षी घोषित करावे. निकटच्या नातलगांचे राहणे हा मालकाचाच वापर मानावा. अनुपस्थितीला वाजवी कालमर्यादा असावी. अशी चार वाक्यांची व्याख्या आकारणीच्या नियमांत आली, तर महापालिकेचे फारसे उत्पन्न बुडणार नाही आणि निरीक्षकाच्या शेऱ्यावर अवलंबून राहण्याची वेळही कोणावर येणार नाही.

पुण्यातील १९७० चा ठराव पन्नास वर्षांनी अडचणीत आला, तो त्याला कायद्याचा भक्कम आधार नव्हता म्हणून. परगावच्या मालकाला आज मिळणारी सवलतही अनेक ठिकाणी अशीच रिवाजावर आणि एखाद्या लिपिकाच्या समजूतदारपणावर टिकून आहे. देशभर बदल्या स्वीकारणाऱ्या, सैन्यात जाणाऱ्या आणि उतारवयात मुलांच्या आधाराने राहणाऱ्या नागरिकांना आपले घर आपलेच राहील, याचा भरवसा रिवाजातून मिळत नाही. तो नियमात लिहून देणे राज्य सरकारांच्या हाती आहे.